माळावरचं अंडं

बार्शीकडे जाणाऱ्या पहाटेच्या एसटीनं आम्हाला नान्नजला उतरवलं तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. श्रावणातली भुरभुर चालू होती. अण्णांनी माझ्या डोक्यावर पोत्याची खोळ घातली, स्वतःच्या पायजम्याची टोकं वर दुमडली आणि रस्ता सोडून ते माळात शिरले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी आठ वर्षांची होते. आदल्या रात्री अण्णा एवढंच म्हणाले होते, "उद्या तुला एक पक्षी दाखवतो." पक्षी बघायला अंधारात घर सोडायचं कशासाठी, हे आईला कळलं नव्हतं आणि मलाही.

ओल्या गवतानं पोटऱ्या भिजत होत्या. वर कुठेतरी चंडोल गात होता, दिसत मात्र नव्हता. एका हिवराच्या झाडाशी अण्णा थांबले आणि त्यांनी माझा खांदा दाबला. समोर, लांबवर, गवतात एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, काळी टोपी, पाठीवर तपकिरी शाल. आमच्या गल्लीतले दुकानदार आजोबा सकाळी देवळात निघाले की असेच दिसायचे. मी म्हणाले, "अण्णा, तो माणूस..." आणि तो माणूस वळला. त्याची मान फुगायला लागली. गळ्याखालची पांढरी पिशवी लोंबत पार गुडघ्यांपर्यंत आली, शेपटीची पिसं पाठीवर उभी राहिली, आणि रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज माळ ओलांडून आमच्यापर्यंत आला. हूम्. तो कानापेक्षा छातीला जास्त ऐकू आला. माळढोकाला जुनी माणसं हूम म्हणतात ते यामुळेच.

"मादी वर्षाला एकच अंडं घालते," परत निघताना अण्णा म्हणाले. "घरटं नाही, काही नाही, उघड्या जमिनीवर. म्हणून माळात पाऊल टाकायच्या आधी बघायचं."

रस्ता लागेपर्यंत मी खाली बघत चालले.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माळढोकाचा विषय निघाला की एक गोष्ट ते हमखास सांगत. देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवायचं चाललं होतं तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचं नाव पुढे केलं होतं. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोराबद्दल अण्णांच्या मनात कधीच काही वाकडं नव्हतं. ते फक्त म्हणत, "मोराला पिसारा आहे, कार्तिकेय आहे, कृष्णाचा मुकुट आहे. माळढोकाला कोण आहे?" तेव्हा मला तो वर्गात विचारायचा प्रश्न वाटायचा. पुढे तोच माझ्या पोटापाण्याचा प्रश्न होईल असं वाटलं नव्हतं.

१९६९ साली देशात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरकडच्या वाळवंटात. महाराष्ट्रात माळढोक दिसला तर ती बातमी होते. आपल्याकडे १९७९ साली सोलापूर आणि नगरच्या माळांवर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. आकडा डोळे दिपवणारा, पण त्या आकड्याच्या पोटात गावं होती, शेतं होती, बाजारपेठा होत्या. लोकांच्या वाट्याला जमिनीच्या व्यवहारावरची बंधनं आली. पक्ष्यापायी पोरीच्या लग्नाला रान विकता येत नाही, असं ज्याला वाटलं तो शेतकरी त्या पक्ष्यावर माया कशी लावणार? पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळावरचा हुंकार थांबत आला होता.

माळावर पैसा आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला, तो झाडांच्या रूपानं आला. सरकारी कागदावर माळाला शब्द आहे, पडीक. पडीक म्हटल्यावर त्याचं काहीतरी करायला हवं, आणि काहीतरी म्हणजे खड्डे खणून रोपं लावणं. गवताळ माळांवर गिरिपुष्प लावलं गेलं, निलगिरी लावली गेली. लावणाऱ्यांचे हात चांगल्या मनाचे होते. मीही शाळेच्या वृक्षारोपणात त्यातली रोपं लावली आहेत. माळढोकाला आडोसा नको असतो. त्याला चहूकडे लांबवर दिसायला हवं असतं, कारण आडोशाआड त्याचा शत्रू असतो. पवन्या, मारवेल, कुसळी, मधेच तरवडाचं पिवळं झुडूप, एखादी बोर, एवढ्यावर तो माळ भरलेला होता. आपल्याला तो रिकामा दिसला आणि आपण तो भरायला निघालो.

पंधरा वर्षं झाली, मी एका लहानशा संस्थेसाठी प्रस्ताव लिहिते. संस्थेतली मुलं-मुली गवताळ माळांवर आणि कोकणाच्या माथ्यावरच्या सड्यांवर काम करतात. ती रात्री बॅटऱ्या घेऊन फिरतात आणि मी दिवसा टेबलाशी बसून त्यांच्या फिरण्याला पैसे मागते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामासाठी काढायला सांगितलं, तेव्हा आम्हाला फार आशा वाटली होती. निसर्गाचं नाव त्या कायद्याच्या यादीत स्पष्ट होतं.

प्रस्ताव लिहायचा तर वस्तू आधी डोळ्यांनी बघायला हवी, म्हणून एका जूनमध्ये मी आंबोलीला गेले. पहिला मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. रात्री साडेनऊला आम्ही सड्यावर चढलो. पायाखाली काळाभोर कातळ, त्यावर पाण्याचा पातळ पदर, आणि धुकं इतकं की पुढच्या मुलीची पाठ तेवढी दिसत होती. ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, "ताई, इथे." मला काहीच दिसलं नाही. मग कातळाचा एक तुकडा श्वास घ्यायला लागला.

अंगठ्याएवढा भेक होता तो. खरबरीत, मातकट, कातळाच्याच रंगाचा. तिनं बॅटरी जराशी तिरपी धरली आणि त्याच्या कुशीवर पिवळे पट्टे उमटले, तुटक, अनियमित, कुणी हळदीचं बोट फिरवल्यासारखे. या आंबोली भेकाचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं. त्याच्या नावातलं 'टायग्रीना' त्या पट्ट्यांवरून आलंय. हा प्राणी आंबोलीच्या परिसरातल्या एवढ्याशा टापूत सापडतो. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो सगळ्यात वरच्या, अतिसंकटग्रस्त म्हणतात त्या पायरीवर आहे. कातळातल्या उथळ खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, पेराएवढ्या खोलीचं, त्यातच त्याची अंडी. चार दिवस पावसानं दडी मारली की खळगा आटतो. त्या रात्री अंड्यांची काळी माळ बघायला मी पालथी पडले होते. नाक पाण्याला लागायचं तेवढं राहिलं होतं आणि समोरच्या तळहाताएवढ्या पाण्यात पुढची पिढी होती.

उतरताना घाटरस्ता लागला. शनिवार होता. धबधबा बघायला आलेल्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. मुलांनी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रस्त्यावरचे भेक उचलून पलीकडे सोडायला सुरुवात केली. जे सापडायला उशीर झाला ते डांबराला चिकटले होते. एक मुलगा तेही मोजून वहीत लिहीत होता, पाऊस लागू नये म्हणून वही शर्टाच्या आत धरून.

ही वही पुढे चालू राहावी म्हणून मी प्रस्ताव लिहिला. रस्त्यावर पावसाळ्याच्या रात्री माणसं उभी करणं, सड्यावरच्या खळग्यांची तीन वर्षं नोंद ठेवणं, गावातल्या चार तरुणांना मानधन. मोटारसायकलींचं पेट्रोल धरूनही रक्कम लहान होती. एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत मी तो मांडला. पडद्यावर भेकाचा फोटो आला तेव्हा टेबलाभोवती जरा हालचाल झाली. प्रमुख अधिकारी सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न नेमके विचारले. शेवटी म्हणाले, "मॅडम, काम चांगलंच आहे. पण हे वर कसं दाखवू मी? यात वाघ कुठे आणता येतो का बघा."

वाघ आणता येत होता. सह्याद्रीच्या त्या पट्ट्यातून, तिलारी-दोडामार्गच्या बाजूनं, वाघांचा वावर आहे. हे कागदोपत्री आहे, खोटं नाही. मी पहिल्या पानावर वाघाचा फोटो घातला, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटांबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि भेक चौथ्या पानावर गेला. प्रस्ताव मंजूर झाला. पैसे आले ते कॅमेरा ट्रॅपसाठी. भेकांच्या रात्रीच्या नोंदींसाठी मागितलेली रक्कम 'पुढच्या टप्प्यात बघू' म्हणून बाजूला राहिली.

कॅमेरा ट्रॅप कधी जवळून बघितलाय? शेवाळी रंगाची विटेएवढी पेटी असते. ती झाडाच्या खोडाला पट्ट्यानं बांधतात, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. समोरून ऊबदार अंग सरकलं की आतलं यंत्र जागं होतं आणि फोटो निघतो. गवा गेला, निघतो. बिबट्या गेला, निघतो. भेकाचं अंग भोवतीच्या पावसाइतकंच थंड असतं. आमच्या पेट्या त्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने चालू होत्या. त्यांच्या खालून, बुंध्याशी, भेक येत-जात राहिले असणार. एकही फोटो नाही. ती पेटी खोडावरून सोडवताना मला अण्णांचा प्रश्न आठवला. आमचा पैसा जिथून बघतो ती उंची ठरलेली आहे आणि त्याला जाणवणारी ऊबही ठरलेली आहे.

हे माझ्या एकटीचं दुखणं असेल असं मला बरेच दिवस वाटत होतं. २०२५ च्या सुरुवातीला हाँगकाँगच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९२ ते २०१६ या २५ वर्षांतले, जगभरचे सुमारे १४,६०० संवर्धन प्रकल्प त्यांनी तपासले होते. एकूण रक्कम दोन अब्ज डॉलरच्या घरातली. त्यातला जवळजवळ ८३ टक्के पैसा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना मिळाला होता, आणि त्यातही सिंहाचा वाटा सस्तन प्राणी आणि पक्ष्यांचा. सगळ्या वनस्पतींना मिळून ६.६ टक्के. कीटक, गोगलगायी, खेकडे, कोळी, सगळ्या बिनकण्याच्या सृष्टीला मिळून तेवढेच. बुरशींना ०.२ टक्क्यांहून कमी. बेडकांच्या वर्गाला तीन टक्क्यांच्या आत, आणि संकटात सापडलेल्या जातींचं प्रमाण ज्या वर्गांत फार मोठं आहे त्यातलाच हा एक. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते आणखी एका आकड्याशी. २९ टक्के पैसा अशा जातींवर खर्च झाला होता ज्यांना सध्या काही धोका नाही. आणि धोक्यातल्या जातींपैकी सुमारे ९४ टक्के जातींच्या नावानं एक रुपयाही निघालेला नव्हता.

आपल्या घरातही हिशेब वेगळा नाही. केंद्र सरकारची अतिसंकटातल्या जातींना सावरण्याची एक योजना आहे. तिच्यात २२ नावं आहेत. हिमबिबट्या, गेंडा, डॉल्फिन, सागरी कासवं, हंगूल, गिधाडं. माळढोकही आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. या २२ नावांत बेडूक नाही. मासा नाही. फुलपाखरू नाही. रोपटं तर एकही नाही. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात व्याघ्र प्रकल्पासाठी ३०० कोटींची तरतूद होती, हत्ती प्रकल्पासाठी ३५ कोटींची. हत्तीसारखा हत्ती, गणपतीचं मुख ज्याचं, तोसुद्धा वाघाशेजारी इतका लहान होतो, तर कातळावरचा अंगठ्याएवढा जीव कुठे दिसणार.

वाघाच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. मी मेळघाटात राहिले आहे. तिथलं पाणी, तिथली माती, तिथला रानपिंगळा आणि तिथल्या सागाखालची वारुळं वाघाच्या नावावर वाचली आहेत, हे मला दिसलंय. देशात २०२२ च्या गणनेत ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज आला, त्यांतले ४४४ महाराष्ट्रात. हे यश आहे आणि ते वनरक्षकांच्या पायपिटीनं मिळालंय. वाघ वाचला की त्याच्या छत्रीखाली सगळं वाचतं, असं सांगतात आणि रानापुरतं ते खरंच आहे. पण छत्री जिथे उघडली आहे तिथेच सावली पडते. चंद्रपूर जिल्ह्यात एका बाजूला ताडोबा, तिथे वाघ बघायला देशोदेशीची माणसं येतात. त्याच जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडच्या शेतांत काही माळढोक माद्या टिकून होत्या. शेतकऱ्यांच्या बांधांवर, कापूस-सोयाबीनच्या कडेनं. ताडोबाची सावली तिथवर पोचली नाही. माळाला छत्री नाही, सड्याला नाही. कोकणात चिऱ्यांच्या खाणी कातळ कापत चालल्या आहेत आणि त्या कातळाच्या ओल्या सांदीत देवगांडूळ राहतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावातून तर त्याची एक नवी जातच २००३ साली जगाला कळली. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे जवळजवळ नाहीत. पोस्टरवर काय छापायचं?

कधी कधी छापावं लागतही नाही. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम आहे, गुहेतून पाणी येतं आणि महादेवाच्या देवळापुढच्या कुंडात साठतं. त्या पाण्यात बोटाएवढा मासा आहे. गावची माणसं त्याला देवाचा मासा म्हणतात आणि पकडत नाहीत. २०२० साली ती विज्ञानाला नवीन असलेली जात म्हणून नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. माशाला तोवर कुणाचा निधी नव्हता. त्याला देव होता. मी कुंडाच्या पायरीवर बसून बघत होते तेव्हा एका आजींनी पाण्यात हात घालणाऱ्या शहरी मुलाला हलकेच दटावलं, "नको रे बाळा, देवाचे आहेत." अण्णांच्या प्रश्नाचं एक उत्तर मला तिथे सापडलं आणि त्यानं मी अस्वस्थही झाले. प्रत्येक कातळाला, प्रत्येक माळाला आपण देव कुठून आणणार? आणि ज्यांना नाही मिळाला त्यांचं काय?

संस्थेतल्या मुलांशी याच्यावर माझं भांडण होतं. ती म्हणतात, ताई, लोकांना जे आवडतं त्याच्या मागूनच आपलं काम ढकलायचं. मला ते पटत नाही. आवड काही आभाळातून पडलेली नाही. ती लावली जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी, कॅलेंडरांनी, सफारीच्या जाहिरातींनी वाघाची आवड आपल्याला लावली, आणि छान लावली. मला आठव्या वर्षी माळाची आवड लागली ती एका माणसानं पहाटेच्या एसटीची दोन तिकिटं काढली म्हणून. आता मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर भेकाचाच फोटो ठेवते. दोन कंपन्यांनी नाही म्हटलंय. एका सहकारी पतपेढीनं लहान रक्कम दिली, त्यात दोन पावसाळ्यांच्या रात्री निघाल्या, आणि वही चालू आहे.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मी एकदा नान्नजच्या बाजूला जाते. माळढोक दिसावा म्हणून जात नाही, ती आस मी सोडली आहे. तिथे अजून काळवीट आहेत, लांडगा आहे. गेल्या मे महिन्यात दुपारी चारच्या उन्हात निघाले. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि मुरूम तापला होता. एक म्हातारे धनगर मेंढरं घेऊन समोरून आले. डोक्याला पटका, खांद्यावर काठी. मला बघून थांबले.

"हिकडं काय बघाय आलाव, ताई? समदे तिकडं वाघ बघाय जात्यात."

मी म्हणाले, पक्षी बघायला. ते काही बोलले नाहीत. मी पुढे पाऊल टाकलं आणि त्यांनी काठी माझ्या आडवी धरली.

"तिथं न्हाई. अंडी हाईत."

मी थिजले. माझ्या पायापासून हातभर अंतरावर मुरूम होता, नुसता मुरूम. मी बघत राहिले. मग मुरमातले चार खडे वेगळे झाले. मातकट, त्यावर काळे-तांबूस शिंतोडे, टोकं आत वळवून मांडलेले. माळटिटवीचं घरटं, म्हणजे एक खळगा आणि त्यात हे चार खडे. जरा बाजूला, तळहाताएवढे तीन दगड एकावर एक रचून ठेवले होते. ते मात्र पक्ष्यानं रचलेले नव्हते.

"मेंढराच्या पायाखाली याचं," ते म्हणाले. "खूण केली. आता तिथनं वळवून न्हेतो."

मी आल्या पावलांच्या ठशांवर ठसा ठेवत मागे सरकले. आम्ही दोघं हिवराच्या विरळ सावलीत जाऊन बसलो. टिटवी बराच वेळ ओरडत घिरट्या घालत राहिली, मग दूर कुठेतरी दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा तिच्या पोटाची पिसं ओली होती. कुठल्या तरी डबक्यात पोट भिजवून आली होती. धावत, थांबत, पुन्हा धावत ती खळग्याशी पोचली, अंग फुलवलं आणि ओल्या पोटानं त्या चार तापलेल्या खड्यांवर बसली. म्हाताऱ्यांनी तोंडानं हलकेच आवाज केला आणि मेंढरं डावीकडून, लांबून, वळून गेली.